काळ्या कोटावरची धूळ झटकणारा जुगारी

द्यूतात माणूस उघडा पडतो, हे युधिष्ठिराची गोष्ट ऐकत मोठे झालेल्या आपल्याला नवे नाही. तरीही पुण्यातल्या आमच्या वाचक मंडळात अमेरिकन लेखक ब्रेट हार्ट यांची १८६९ सालची ‘द आउटकास्ट्स ऑफ पोकर फ्लॅट’ ही कथा चर्चेला आली, तेव्हा तिच्यातल्या जॉन ओकहर्स्टने मला खिळवून ठेवले. धंद्याला थंड डोके लागते म्हणून हा जुगारी मद्याला शिवत नाही, आणि गावाने हाकलून दिल्यावर, सोबतचे लोक दारूच्या नशेत लोळत असताना, तो हात-तोंड धुतो, काळ्या कपड्यांवरची धूळ झटकतो. टॉम सिम्सन या भाबड्या पोराची सारी पुंजी, म्हणजे सुमारे चाळीस डॉलर, जिंकल्यावर त्याला दाराआड नेऊन ती परत देणाराही तोच. याउलट, त्याला फासावर चढवायला निघालेल्या ‘सभ्य’ गावकऱ्यांपैकी काहींचा डोळा त्याच्याकडे हरलेल्या पैशांवर होता.

हार्ट अखेरीस त्याला सर्वांत बलवान आणि तरीही सर्वांत दुबळा ठरवतात. मला हा निवाडा पूर्णपणे मान्य नाही, कारण बर्फात आत्महत्या करण्यापूर्वी त्याने मागे राहणाऱ्या दोघींसाठी काही दिवस पुरेल एवढे सरपण रचून ठेवले होते.

स्टीफन क्रेन या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या ‘द ब्लू हॉटेल’ या कथेत मात्र पत्त्यांतली लबाडी डोळ्यांनी पाहूनही गप्प राहणारा पाहुणाच मला खुनी जुगाऱ्याहून अधिक अस्वस्थ करतो.