आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर: रस्त्यावरून बघून परतू नका

"रस्त्यावरूनच दहा मिनिटांत बघून होतं," असं नवी मुंबईतल्या या घरांच्या वसाहतीबद्दल मला दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. साफ चूक. रस्त्यावरून दिसतात ती वाढवलेली दुमजली-तिमजली घरं. लोक तेवढंच बघतात आणि "मूळचं काही उरलं नाही" म्हणून परत फिरतात.

आधी रिक्षाचं. सीबीडी बेलापूर स्टेशनबाहेर मला सरळ दीडशे सांगितले. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे, म्हणजे मीटरने पन्नासच्या आत काम होतं. मी मीटरचा हट्ट धरला तर रांगेतल्या तिघांनी तोंड फिरवलं. चौथा तयार झाला, पण उतरताना "आत आणायचे वीस वेगळे" म्हणाला. असं काही नसतं, देऊ नका. पाय धड असतील तर सरळ चालत जा, ऊन चढायच्या आत.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली, १९८३ ते ८६ मधली. आठ बाय आठ मीटरचा चौक, भोवती सात घरं. असे तीन चौक मिळून २१ घरांचं बारा मीटरचं अंगण, आणि तशी तीन अंगणं मिळून त्याहून मोठी मोकळी जागा. कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्याने घर वाढवलं. घरं बदलली म्हणून हळहळणाऱ्यांना हे सांगायला हवं, की ती वाढावीत म्हणूनच अशी बांधली होती. बघायचा तो चौक.

एका चौकात पावसाळ्याआधीची सफाई चालली होती. गटाराच्या जाळीत पाचोळा आणि प्लास्टिक घट्ट बसलेलं, एक काकू उकिडव्या बसून खुरप्याने ते उपसत होत्या, समोरच्या घरातला मुलगा घमेली भरून नेत होता. नळीचं पाणी तिसऱ्याच घरातून. "जाळी तुंबली की सातही घरांच्या उंबऱ्याला पाणी लागतं, मग वाट कुणाची बघायची?" काकू म्हणाल्या. सामायिक जागा टिकते ती अशी, हे मी अगदी ठामपणे सांगते. पलीकडच्याच एका चौकात मात्र दुचाक्या इतक्या दाटीने लावलेल्या की अंगण असं उरलेलंच नाही. दोन्ही बघा, शेजारी शेजारी आहेत.

गल्ल्या एकसारख्या दिसतात, वाट चुकते. टेकडी कुठल्या हाताला आहे ते ध्यानात ठेवा. चौकात पाऊल टाकण्याआधी विचारा. ते लोकांचं अंगण आहे, उघड्या दारांचे फोटो काढू नका. पावसात फरशीवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. परतीला रिक्षा आत मिळत नाही, मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागतं, आणि तिथेही मीटर पाडल्याशिवाय बसू नका.