कपाची पत्रिका

दुपारचा चहा झाला की कप उलटा करून बूड वाचायची मला खोड आहे. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा. आजी म्हणायची, "अगं, चहा पी, कपाची पत्रिका कसली बघतेस!" तिच्या लोणच्याच्या बरणीखाली काय लिहिलं होतं ते मात्र कधीच कळलं नाही. भरलेली बरणी उलटी कोण करणार, आणि रिकामी ती कधी नसायचीच.

परवा डोर्नबुर्गची एक तपकिरी सुरई फोटोत दिसली. आता फोटोचं बूड कसं बघणार?

जर्मनीत थुरिंगियातलं, कड्यावर वसलेलं हे गाव. क्रेहान कुटुंब इथलं जुनं कुंभारघर. माक्स आणि कार्ल या भावांच्या काळात गावात त्यांचंच काय ते चाक उरलं होतं. १९२० मध्ये वायमारच्या बाउहाउस कलाशाळेची पोरं त्यांच्याकडे शिकायला आली आणि राजवाड्याच्या तबेल्यात चाकं मांडून बसली. रूप शिकवायला शिल्पकार गेरहार्ड मार्क्स, हात शिकवायला माक्स क्रेहान. मार्क्सची चित्रं उमटायची तीही क्रेहाननं घडवलेल्या भांड्यांवर. लाकडं फोडायची, भट्टी सांभाळायची ती पोरांनीच.

१९२३ मध्ये शाळेचा प्रमुख ग्रोपियस यानं मार्क्सला कळवलं, की तुमचं एकेक भांडं एकमेव आहे, ते पुष्कळांपर्यंत पोचायची काहीतरी वाट काढा. मग पोरांपैकी बोगलरनं साच्यातल्या किटल्या केल्या. पोट तेच, कान कधी वर, कधी बाजूला. माझं विचाराल तर मला क्रेहानचीच सुरई हवी. पण मला विचारतंय कोण!

१९२५ मध्ये शाळा डेसाउला गेली, कुंभारकाम मागेच राहिलं. त्याच वर्षी माक्स वारला. तबेल्यातली चाकं पोरांपैकीच ओटो लिंडिगनं १९४७ पर्यंत फिरती ठेवली, पुढे कोर्टिंग कुटुंबानं. म्हणजे शाळेची पाटी निघाली आणि काम पुन्हा एका घराचंच झालं. २०१९ पासून तिथे संग्रहालयही आहे.

पोरं पांगली. बोगलर मठात जाऊन साधू झाला. मार्गरेट फ्रीडलेंडर कॅलिफोर्नियात मडकी शिकवू लागली. लिडिया ड्रीश-फूकारचा नवरा १९३० मध्ये गेला, पदरात चार मुलं. तिनं आल्या-मसाल्याची चित्रांची बिस्किटं करून विकली. भाजायची सवय होतीच म्हणा.