डबा उघडण्याआधी वही उघडा

‘एवढ्या पेनांमधून नेमकं हवं ते सापडतं कसं?’ माझा जुन्या पेनांचा संग्रह बघून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. थोड्या वेळाने, निघता निघता, दुसरा प्रश्न येतो: ‘आमच्या आजोबांच्या पेनांचाही एक डबा आहे माळ्यावर. त्याचं काय करावं?’ म्हणून दोन्हींचं एकदमच सांगते. डबा खाली काढलात की पेनं पुसायला घेऊ नका. आधी वही घ्या.

मी तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. तिथे पुस्तक आलं की ते कपाटात जाण्याआधी दाखलनोंद वहीत जातं. त्याला एक क्रमांक मिळतो आणि तो कायम त्याचाच राहतो. पुस्तक हरवलं, फाटलं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. पेनांसाठी मी तीच पद्धत उचलली. आज वहीत १६३ नोंदी आहेत. शाईपेनं आहेत, टाक आहेत, बोरू, दौती, निबांच्या पत्र्याच्या डब्या, ओली शाई टिपायची एक लाकडी टिपणीसुद्धा आहे. क्रमांक वस्तूवर लिहायचा नाही आणि चिकटपट्टी तर लावायचीच नाही, डिंकाचा डाग जन्मात जात नाही. पांढऱ्या दोऱ्याला कागदाची छोटी चिठ्ठी बांधायची, त्यावर पेन्सिलीने आकडा.

वहीतले बाकीचे रकाने साधे आहेत. एक रकाना मात्र मी फार महाग शिकले. ‘आलं तेव्हा कसं होतं.’

नोंद क्रमांक ९. ओळखीच्या एका वयस्क गृहस्थांनी दिलेलं काळं, जाडजूड पेन. वरून मळकट, तपकिरी पडलेलं. मी त्याच दुपारी पितळेच्या भांड्यांची पेस्ट लावून ते घासलं, लख्ख केलं आणि मग नोंद केली: ‘काळं पेन, जुनं.’ रात्री सहज टॉर्च आडवा धरला तर उजेडात पुसटसं काहीतरी उमटलेलं दिसलं. पूर्वी दुकानात पेन घेतलं की तिथेच नाव कोरून देत. या पेनावरही होतं. शेवटचं ‘कर’ तेवढं राहिलंय. आधीची अक्षरं मी माझ्या हाताने घासून काढली. देणारे गृहस्थ त्याच वर्षी गेले. पेन कोणाचं होतं हे विचारायचं राहिलं ते राहिलंच. कंपनी, साल, निबेचा धातू हे सगळं दहा वर्षांनीही शोधता येतं. कोरलेलं नाव आणि देणाऱ्याच्या तोंडची माहिती तशी नाही. म्हणून आता वस्तू हातात आली की पुसण्याआधी आडव्या उजेडात चहूबाजूंनी बघते, दिसेल ते जसंच्या तसं उतरवते. नंतर चूक कळली तर पहिली नोंद खोडत नाही. शेजारच्या रकान्यात तारीख घालून नवं लिहिते.

यानंतर अंगठा. पेनाच्या अंगावर अंगठा जोरात दहा-बारा वेळा घासायचा, गरम झालं की लगेच नाकाशी धरायचं. जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला तर ते एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूरच वापरतात. आपल्या नाकाला हा वास शिकवावा लागत नाही, तो देवघरातला आहे. काहीच वास नाही आला तर बहुधा नंतरचं प्लास्टिक. पण काडी लावून पारख करायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. सेल्युलॉइड भपकन पेटतं.

ही पारख मी नुसत्या हौसेने करत नाही. माझी सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. सुरुवातीला मी कंपनीप्रमाणे लावायची, दिसायला छान दिसायचं. पण एबोनाइटला ऊन आणि पाणी दोन्ही सोसत नाही, त्याचा काळा रंग शेवाळी-तपकिरी होतो. खिडकीजवळच्या कप्प्यातली माझी दोन पेनं अशीच गेली. सेल्युलॉइडचं दुखणं वेगळं. लिव्हरच्या, म्हणजे बाजूची पट्टी उचलून शाई भरायच्या, पेनात शाईची रबरी पिशवी असते, तिच्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वाफेने फिकं सेल्युलॉइड आतून काळवंडत जातं. त्यामुळे आता खण पेन कशाचं बनलंय त्याप्रमाणे आहेत: एबोनाइट अंधारात आणि कोरड्यात, सेल्युलॉइड हवेशीर जागी, टोपणं सैल करून. कंपनी वहीतल्या सूचीत सापडते. म्हणजे पेन राहतं त्याला मानवेल तिथे, आणि त्याचा पत्ता वहीत.

साल शोधताना पेनच पुष्कळ बोलतं. अमेरिकेत बनलेल्या जुन्या पार्करवर ‘मेड इन यूएसए’च्या शेजारी एक बारीक आकडा असतो, तो वर्षाचा शेवटचा अंक. दशक कुठलं ते शाई भरायच्या तऱ्हेवरून ठरवायचं. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. आधी त्याच्या मागच्या टोकाला दाबायचा पंप होता, १९४८ पासून दाबपट्टीची नळी आली. पंपवाल्यावर ६ दिसला तर १९४६. आपल्याकडच्या ड्रॉपरने शाई भरायच्या एबोनाइट पेनांवर असलं काही नसतं, कित्येकांवर कंपनीचं नावही नाही. तिथे मी रकाना कोरा ठेवते. अंदाज पेन्सिलीने, खात्री शाईने.

शाईचंही सांगायला हवं. बोरूची जुनी शाई काजळ आणि डिंकाची. कागदावर ती शतकं टिकते, पण शाईपेनात घातलीत तर काजळी निबेखालच्या जिभेच्या खाचेत बसते आणि पेन कायमचं बंद पडतं. डब्यात शाईच्या पुडीची जुनी बाटली मिळाली तर तीही नोंदवा, टाकू नका. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ची शाईची पूड आणि वड्या काढल्या, तिथूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. निबांच्या डब्यातल्या निबा एकेक करून भिंगाखाली बघा. क्रमांक कोरलेला असतो. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ३०३ क्रमांकाच्या निबेने, टाकाने लिहिली. तसली एक निब माझ्याकडे आहे, इतकी लवचीक की उभ्या रेघेला जरा दाब दिला की दोन पाती उघडतात आणि रेघ दुप्पट जाड होते.

शेवटचा रकाना नमुन्याचा. लिहू शकेल अशा प्रत्येक वस्तूने वहीत स्वतःची एक ओळ लिहायची, तोच कागद, तीच निळी शाई. मी आधी ‘श्री’ लिहायची आणि खाली एक ओळ. दोन पेनं दिसायला जुळी असली तरी त्यांची शिरोरेघ जुळी नसते, त्यामुळे चिठ्ठी सुटून पडली तरी पेन ओळखता येतं.

पाच वर्षांपूर्वी वाईच्या एक आजी त्यांच्या यजमानांचा टाक आणि पितळी दौत घेऊन आल्या. नोंद करताना माझ्या मनात आलं, नमुना मी का लिहू? वही त्यांच्यापुढे केली. शाळा सुटल्यापासून टाक धरला नव्हता त्यांनी. जास्त बुडवला, कागदावर टपोरा डाग पडला, त्या चपापल्या. मी म्हटलं, ‘असू दे आजी, लिहा तुम्ही काहीही.’ त्यांनी पदराने बोटं पुसली, पुन्हा टाक बुडवला, काठाला निथळवला, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. ‘सासरी आल्यापासून हे लिहिलंच नव्हतं,’ म्हणाल्या.

नोंद क्रमांक ११८. डागासकट आहे. तेव्हापासून नमुन्याची ओळ मी देणाऱ्याकडूनच लिहून घेते.