धोंड्याचा महिना पंचांगात कसा ओळखायचा?

साधारण दर तीन वर्षांनी एक महिना वाढतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. नेमका कोणता वाढणार, हे मात्र कॅलेंडरवाल्यांवर सोडलं जातं. खरं तर ते घरच्या पंचांगावरूनही सापडतं.

बारा चांद्रमासांचे दिवस होतात साधारण ३५४, सौर वर्षाचे ३६५. वर्षाला ११ दिवस मागे पडत गेलं तर दिवाळी कधीतरी ऐन उन्हाळ्यात येईल. म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना घालायचा. कोणता, त्याचा नियम सोपा आहे: ज्या चांद्रमासात (एक अमावास्या संपल्यापासून पुढची संपेपर्यंत) सूर्य रास बदलत नाही, म्हणजे एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक, म्हणजेच धोंड्याचा महिना.

२०२६चंच बघा. वृषभ संक्रांत १५ मे रोजी सकाळी. वैशाख अमावास्या संपते १६ आणि १७ मेच्या मधल्या रात्री, बारानंतर. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी साडेआठच्या आसपास संपते आणि मिथुन संक्रांत लागते त्याच दिवशी दुपारी. थोड्या तासांनी हुकली! म्हणून १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. १९ वर्षांनी हे गणित जवळजवळ जुळून येतं. २००७चा अधिक ज्येष्ठही याच तारखांना होता.

उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्याची चाल मंद, मिथुन राशीत तो साडेएकतीस दिवस रेंगाळतो. म्हणून अधिक बहुधा चैत्र ते आश्विनातच. हिवाळ्यात चाल वाढते आणि क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात. मग महिना गळतो. शके १९०४ मध्ये (१९८२-८३) माघ असा क्षय झाला आणि आश्विन, फाल्गुन हे दोन अधिक आले.

गोंधळ होतो तो सणांचा. आपल्याकडे आधी अधिक, मग त्याच नावाचा निज, म्हणजे नेहमीचा महिना; सण निजात. त्यामुळे २०२६ची वटपौर्णिमा २९ जूनला. उत्तरेत मात्र वटसावित्री अमावास्येला, म्हणजे १६ मेलाच उरकते. माजलगावजवळच्या पुरुषोत्तमपुरीची गोदाकाठची जत्रा भरते ती अधिकातच.

आणि जावयाचं वाण: ३३ अनारसे, म्हणजे जाळीदार पदार्थ. जाळी पडणं इथे महत्त्वाचं. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. निथळून फडक्यावर पसरा, पण पूर्ण वाळू देऊ नका. दमट असतानाच दळून चाळा. वजनाला वजन किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून पीठ चार-पाच दिवस मुरवा. अनारसा खसखशीवर थापा, मग खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळा, झाऱ्याने वरून तूप उडवत, उलटू नका. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ जास्त झालाय. थोडी तांदळाची पिठी मिसळा. जाळीच पडली नाही आणि कडक झाला, तर पीठ कोरडं आहे. चमचाभर पिकलं केळं कुस्करून मळा.