पोस्टग्रेससाठी एडिटर-अवजार, नोंद तिसरी: लाल रेघ जागेवर आली

हे अवजार एडिटरमध्ये लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या क्वेरी तपासतं. सध्याची मांडणी अशी आहे: तपासणी करणारा सर्व्हर रस्टमध्ये, व्हीएस कोड या एडिटरचं एक्स्टेन्शन टाइपस्क्रिप्टमध्ये, दोघांच्या मधे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि सर्व्हर यांच्या निरोपांची ठरलेली पद्धत) आणि पलीकडे पोस्टग्रेस 16 हा डेटाबेस. नावं सुचवणं आणि वाक्यरचनेच्या चुका दाखवणं मागच्या नोंदीपर्यंत चालू झालं होतं. या खेपेचं काम होतं क्वेरी न चालवता ती डेटाबेसकडून तपासून घेणं आणि जिथे चूक आहे नेमकी तिथेच लाल रेघ ओढणं. पहिला भाग लवकर झाला. सगळा वेळ दुसऱ्याने खाल्ला, आणि त्याचं कारण देवनागरी नावं.

चाचणीचा डेटाबेस कोल्हापूरचा आहे: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आणि मार्केट यार्डातले गुळाचे सौदे. फायली एक्सेलच्या, मथळे मराठीत, आणि आयात करताना मथळेच कॉलमची नावं होतात. पोस्टग्रेसला याची काहीच अडचण नाही. अवतरणचिन्ह न लावताही देवनागरी नाव चालतं, आणि देवनागरीला लहान-मोठी लिपी नसल्यामुळे रोमन नावांचा तो घोळही होत नाही. पातळीबद्दल एक सूचना: ती फूट-इंचात येते, पण साठवताना नुसते इंच ठेवा. 39 फूट 11 इंच हे 39.11 असं दशांशात लिहिलं, तर 39 फूट 2 इंच म्हणजे 39.2 त्याच्या वर जाऊन बसतं. इंचात इशारा पातळी 39 फूट म्हणजे 468, धोका पातळी 43 फूट म्हणजे 516. कॉलमवर कॉमेंट लिहून ठेवली की माउस नेल्यावर हे दोन्ही आकडे एडिटरमध्येच दिसतात.

रेघ कुठे ओढायची

एका ओळीवर सगळा प्रकार दिसतो. (उदाहरणात किवर्ड देवनागरीत लिहिले आहेत, एडिटरमध्ये ते रोमन असतात. खालची मोजणी रोमन किवर्ड धरूनच आहे.)

सिलेक्ट दिनांक, पाणीपातळी फ्रॉम बंधारा;

पाणीपातळी नावाचा कॉलम टेबलात नाही. पोस्टग्रेस 42703 हा कोड देतो आणि त्याबरोबर चुकीची जागा: 16. हा आकडा कॅरेक्टरमध्ये (म्हणजे युनिकोडच्या कोडपॉइंटमध्ये, काना-वेलांटीही वेगळी धरून) असतो आणि 1 पासून मोजलेला असतो. सिलेक्ट आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून 7, दिनांकचे 6, स्वल्पविराम आणि जागा 2, म्हणून शब्द सोळाव्या कॅरेक्टरला सुरू होतो. व्हीएस कोडला हीच जागा यूटीएफ-16 (मजकूर साठवायची एक पद्धत) च्या एककांत आणि 0 पासून लागते. देवनागरीचा एक कोडपॉइंट तिथे एक एकक, म्हणजे 15. पाणीपातळीत 9 कोडपॉइंट आहेत, तेव्हा रेघ 15 ते 24.

ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या अवजाराची सी आणि रस्ट लायब्ररी मात्र बाइट मोजते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइटचा, त्यामुळे तोच शब्द तिच्या लेखी 27 ते 54 असा आहे. हे आकडे तसेच पुढे पाठवले तर रेघ फ्रॉममधल्या ओ अक्षराखाली सुरू होते आणि ओळ संपेपर्यंत जाते, कारण ओळच 37 कॅरेक्टरची आहे. रोमन नावांवर तिन्ही मापं जुळतात, म्हणून सगळ्या चाचण्या रोमन नावांवर लिहिल्या तर हा दोष कधीच सापडणार नाही.

चौथं माप डोळ्यांचं. वाचणाऱ्याला पाणीपातळी हा पाच अक्षरांचा शब्द दिसतो. मोजणीत त्याला थारा देऊ नका. इतर तीन मापांपैकी एकाशीही ते जुळत नाही.

आता सर्व्हरच्या आत एकच माप ठेवलं आहे, दस्तऐवजाच्या सुरुवातीपासूनचा बाइट. पोस्टग्रेसचा आकडा आला की लगेच बाइटमध्ये, एडिटरकडे जाताना यूटीएफ-16 मध्ये. रूपांतर फक्त या दोन दारांवर होतं, मधे कुठेही नाही. रस्टमध्ये तिन्ही मापांना तीन वेगळे टाइप दिले आहेत, म्हणजे एकाच्या जागी दुसरं दिलं तर कंपायलरच अडवतो. साधा पूर्णांक वापरत होतो तोवर एक जागा दुरुस्त केली की दुसरी बिघडायची. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलच्या 3.17 आवृत्तीपासून माप ठरवून घेता येतं, पण व्हीएस कोड यूटीएफ-16 च मागतो. तेव्हा रूपांतर टळत नाही.

दोन बारीक गोष्टी याच खात्यात येतात. फाइलमध्ये अनेक क्वेरी असतात आणि पोस्टग्रेसला एकेक पाठवली जाते, त्यामुळे आलेली जागा त्या तुकड्याच्या सुरुवातीपासूनची असते. तुकडा कुठून कापला ते जपून ठेवा, आणि सुरुवातीच्या मोकळ्या जागा छाटून पाठवत असाल तर छाटणीनंतरची सुरुवात जपा. दुसरं, विंडोजवरच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी दोन कॅरेक्टर असतात आणि पोस्टग्रेस दोन्ही मोजतो.

तुकडे अर्धविरामावर पाडू नका. डॉलर-अवतरणातल्या (डॉलर-खुणांच्या मधे लिहिलेल्या) फंक्शनमध्ये अर्धविराम असतात, पोस्टग्रेसच्या कॉमेंटमध्ये कॉमेंट असू शकते, आणि आवृत्ती 14 पासून बिगिन ॲटॉमिकच्या फंक्शनमध्ये तर ते अवतरणाशिवाय उघडेच असतात. लिबपीजीक्वेरी या लायब्ररीत पोस्टग्रेसचाच स्कॅनर (क्वेरीतले शब्द वेगळे करणारा भाग) आहे आणि तुकडे पाडायचं फंक्शनही आहे. आम्ही तेच वापरतो. (तेही बाइट देतं.)

निरोपाची लांबी

चाचणीसाठी पायथनमध्ये छोटा क्लायंट लिहिला आहे. तिथे सर्व्हर मधेच गप्प बसायचा. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर लांबी लिहावी लागते आणि ती बाइटमध्ये असते. पायथनचं लेन हे फंक्शन मात्र कोडपॉइंट मोजतं. निरोपात मराठी असलं की लांबी कमी पडते, सर्व्हर निरोपाचा मजकूर (जेसन) अर्धाच वाचतो आणि उरलेल्या बाइटना पुढच्या निरोपाचं डोकं समजतो. आधी एनकोड करा, मग लांबी मोजा. विंडोजवर आउटपुट बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर ओळीच्या शेवटी जादा कॅरेक्टर घुसतं आणि डोकंच वाचता येत नाही.

दिसायला तेच, पण नाव वेगळं

बंधाऱ्याची_पातळी हा कॉलम एका फायलीतून आला. क्वेरीत तेच नाव टाइप केलं तर उत्तर आलं, असा कॉलम नाही. दोन्ही नावं पडद्यावर शेजारी ठेवली तरी फरक दिसत नाही.

फरक ऱ्या मध्ये आहे. काही कीबोर्ड तो ऱ (युनिकोड क्रमांक 0931), हलन्त, य असा लिहितात. काही जण साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि य असा. पहिल्या पद्धतीत हे नाव 16 कोडपॉइंट आणि 46 बाइटचं होतं, दुसऱ्या पद्धतीत 17 आणि 49. पोस्टग्रेसचा स्कॅनर आस्कीबाहेरचा, म्हणजे साध्या रोमन अक्षर-आकड्यांपलीकडचा, प्रत्येक बाइट नावाचा भाग धरतो, त्यामुळे तो अदृश्य जोडकही नावात जातो. वर्डमधून चिकटवताना येणारी न तुटणारी मोकळी जागाही अशीच नावाला चिकटते. ॲ चंही तसंच: एकाच कोडपॉइंटचा 0972, किंवा अ वर चंद्र, म्हणजे 0905 आणि 0945.

युनिकोडचं एनएफसी रूप (अनेक तऱ्हांनी लिहिता येणारं अक्षर एकाच ठरावीक तऱ्हेने लिहिणं) घेतलं की हे मिटेल अशी आमची समजूत होती. पोस्टग्रेस 13 पासून त्यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शनही आहे. ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण जोडकाला हात लावत नाही आणि अ-चंद्राचा ॲ करत नाही. म्हणून आमचा टप्प्यांचा क्रम असा आहे: एनएफसी, मग र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त, मग अ-चंद्राचं ॲ, आणि सगळ्यात शेवटी उरलेले जोडक काढून टाकणं. हा क्रम पाळाच. जोडक आधी काढले तर दऱ्या चा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात.

हे बदललेलं रूप फक्त जुळवण्यासाठी आहे. एडिटरमध्ये नाव घालताना डेटाबेसमधलं नाव जसंच्या तसं, बाइट न बदलता घालायचं. 42703 आला की कॅटलॉगमध्ये (डेटाबेसमधल्या टेबल-कॉलमच्या नावांची यादी) याच रूपाने शोध घेतला जातो. जुळणारं नाव मिळालं तर "दिसायला सारखं, कोडपॉइंट वेगळे" असा संदेश आणि एका क्लिकची दुरुस्ती दिली जाते. पोस्टग्रेस स्वतःही जवळचं नाव सुचवतो, पण ते संदेशाच्या मजकुरात असतं आणि मजकूर पोस्टग्रेसच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. त्यातून शब्द उचलू नका. आधार कोडचाच घ्या.

लांबीची मर्यादा देवनागरीला लवकर गाठते. नाव जास्तीत जास्त 63 बाइटचं असतं, म्हणजे निव्वळ देवनागरीत 21 कोडपॉइंट. राजाराम_बंधारा_पाणीपातळी_नोंदी हे नाव 84 बाइटचं. पोस्टग्रेस ते राजाराम_बंधारा_पाणीपात एवढ्यावर कापतो आणि चूक नाही, फक्त सूचना देतो. मग राजाराम_बंधारा_पाणीपातळी_इशारे हे टेबल करायला गेलं की ते आधीच आहे असं उत्तर येतं, कारण दोन्ही कापून एकच होतात. टाइप करतानाच बाइट मोजून पिवळी रेघ दिली, कुठे कापलं जाईल तेही दाखवलं. काम तासाभराचं, उपयोग रोजचा.

न चालवता तपासणी

पोस्टग्रेसच्या एक्स्टेंडेड प्रोटोकॉलमधले पार्स (क्वेरी समजून घे) आणि डिस्क्राइब (तिचं वर्णन दे) हे दोन निरोप पुरतात. पॅरामीटरचे टाइप मिळतात. निकालातल्या प्रत्येक कॉलमचा टाइप मिळतो, आणि तो थेट टेबलातला असेल तर टेबलाचा ओआयडी (पोस्टग्रेसने दिलेला ओळख-क्रमांक) आणि कॉलमचा क्रमांकही. तेवढ्यावरून कॉमेंट शोधता येते. कॉलममध्ये रिकामी किंमत (नल) चालते की नाही हे मात्र यातून सांगू नका. टेबलात नॉट नल असलं तरी लेफ्ट जॉइननंतर (टेबलं जोडताना जोडी न मिळालेल्या ओळीही ठेवणं) तीच जागा रिकामी येऊ शकते. आम्ही ती खूण दाखवत होतो, काढून टाकली.

पार्स करताना पोस्टग्रेस टेबलावर हलकं कुलूप घेतो. कुणी त्याच टेबलावर ऑल्टर टेबल (रचना बदलायची आज्ञा) चालवत असेल तर आपली तपासणी अडकून बसते. उलट आपण ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं तर त्यांचं ऑल्टर अडतं, आणि त्यामागे इतरांच्या क्वेरीही तुंबतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण आपल्याला तो दिसतच नाही. म्हणून डिस्क्राइबनंतर लगेच सिंक (काम संपलं, कुलूप सोड) पाठवतो, ट्रान्झॅक्शन कधीच उघडत नाही, लॉक टाइमआउट (कुलपासाठी थांबायची मर्यादा) 200 मिलिसेकंद ठेवतो. टाइप करणं थांबल्यावर 300 मिलिसेकंदांनीच तपासणी निघते.

क्रिएट टेबल वगैरे या मार्गाने तपासले जात नाहीत. पार्समध्ये त्यांची फक्त वाक्यरचना बघितली जाते.

जोडणीसाठी वेगळा रोल (डेटाबेसमधलं वापरकर्त्याचं खातं) करा आणि त्याला फक्त सिलेक्टचा अधिकार द्या. केवळ-वाचन हे सेटिंग कुणीही सेट लिहून बदलू शकतो, अधिकार तसे बदलता येत नाहीत.

कॅटलॉग ताजा ठेवणं

नावं पीजी_क्लास आणि पीजी_ॲट्रिब्यूट या पोस्टग्रेसच्या आतल्या टेबलांमधून घेतो. कॉलमचा क्रमांक 0 पेक्षा मोठा आणि कॉलम काढलेला नाही, या दोन्ही अटी घाला, नाहीतर काढून टाकलेले कॉलम ठिपक्यांच्या विचित्र नावाने यादीत येतात.

बदल कळण्यासाठी इव्हेंट ट्रिगर (रचना बदलली की आपोआप चालणारं फंक्शन) आणि नोटिफाय (ऐकणाऱ्या जोडण्यांना निरोप). डीडीएल (रचना बदलणारी आज्ञा) संपल्यावरचा ट्रिगर काढून टाकलेल्या वस्तू सांगत नाही, त्यासाठी ड्रॉपचा ट्रिगर वेगळा लावावा लागतो. ट्रिगर करायला सुपरयूझर लागतो. तो नसेल तिथे दर 30 सेकंदांनी यादी पुन्हा वाचतो. नोटिफायचा मजकूर 8000 बाइटच्या आत हवा, म्हणून नावं न पाठवता फक्त ओआयडी पाठवतो. जोडणी तुटलेली असताना गेलेले नोटिफाय परत मिळत नाहीत, तेव्हा पुन्हा जोडल्यावर पूर्ण यादी नव्यानेच वाचा. मधे ट्रान्झॅक्शन मोडमधला पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ) असेल तर लिसन (नोटिफाय ऐकणं) चालत नाही, थेट जोडणी द्या.

पुढचं

पायथनच्या स्ट्रिंगमधली क्वेरी तपासायला घेतली आहे. सायकॉपजी या पायथन लायब्ररीची पॅरामीटर दाखवणारी टक्का-एस खूण पोस्टग्रेसच्या डॉलर-एकमध्ये बदलते तेव्हा लांबी सारखीच राहते, पण दहाव्या पॅरामीटरपासून एक कॅरेक्टर वाढतं. दुहेरी टक्क्याचा एक टक्का होतो, आणि उलट-तिरक्या रेघेच्या खुणा फाइलमध्ये दोन कॅरेक्टरच्या असून स्ट्रिंगमध्ये एकच होतात. प्रत्येक बदलाची जागा आणि फरक नोंदवणारा नकाशा अर्धा लिहून झाला आहे. दुहेरी टक्क्याच्या लगेच पुढे मराठी नाव आलं की रेघ अजून एक कॅरेक्टर डावीकडे सरकते.