एसजीपीटी ५८

कावीळ असेल म्हणून लेकाचं रक्त तपासलं. कावीळ नव्हती, पण एसजीपीटी, म्हणजे यकृतातल्या एका एन्झाइमची रक्तातली पातळी, ५८. वय ११, वजन ५४ किलो. सासूबाई म्हणाल्या, "अंगाने भरलाय, एवढंच." मीही तेच म्हणत आले होते.

डॉक्टरांनी कॉलर खाली ओढून मानेवरचा काळपट पट्टा दाखवला. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण. मी तो मळ समजून रोज घासत होते! जादा चरबी यकृताच्या पेशींत साठते, पेशी दुखावतात आणि हे एन्झाइम रक्तात झिरपतं. लॅबच्या कागदावर मर्यादा मोठ्यांची छापलेली. मुलांसाठी वरची मर्यादा कमी: मुलग्यांना २६, मुलींना २२.

गोळी नाही. क्लासनंतरचा वडापाव आठवड्यातून एकदा, कोल्ड्रिंक बंद. संध्याकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या. दुसऱ्या फेरीला साहेब कट्ट्यावर बसतात.