कंबरेचं ऑपरेशन, एक कागद आणि प्रार्थना – माझा अनुभव

ऑपरेशनची मला भीती नव्हती. माझा जीव काढला तो एका कागदाने, आणि तो राग अजून गेला नाहीये म्हणून लिहायला बसलेय, बसलेय म्हणजे उभ्यानेच टाईप करतेय.

आम्ही मूळचे मिरजेचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे १४ वर्षं गोव्यात, फोंड्याला. गेल्या पावसाळ्यात कंबरेतून उजव्या पायात कळ उतरायला लागली, आधी मांडी, मग पोटरी, शेवटी अंगठाच बधिर. एमआरआयमध्ये निघालं की कंबरेच्या दोन मणक्यांमधली (एल४-एल५) गादी सरकून नस दाबली गेलीय. गोळ्या, पट्टा, फिजिओ सगळं झालं, फरक नाही. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, फक्त आरोग्य कार्डावरची मंजुरी घेऊन या.

तिथे अडलं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. कार्डावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. पहिल्या दिवशी सांगितलं लग्नाचा दाखला आणा. आणला तर म्हणे त्यात नावाच्या स्पेलिंगला एक अक्षर जास्त आहे, अॅफिडेव्हिट करा. ते केलं तर सही करणारे साहेब रजेवर. चौथ्या फेरीला साहेब होते तर झेरॉक्सवर माझी सही नाही म्हणून परत. १९ दिवसांत ५ फेऱ्या!

सायटिका, म्हणजे ही कंबरेतून पायात उतरणारी कळ, ज्यांना आहे त्यांना सांगायला नको, बसणं सगळ्यात वाईट. फोंडा ते पणजी मी बसमध्ये दांडा धरून उभी, प्रत्येक स्पीडब्रेकरला डोळ्यात पाणी. त्यात नोव्हेंबरअखेर, ओल्ड गोव्याला सेंट झेवियरच्या फेस्ताआधीच्या नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांची गर्दी, बस तिथे मुंगीसारखी सरकायची. लोक फेस्ताआधी चालत निघालेले दिसायचे आणि मला वाटायचं, देवा, यांच्यासारखं नुसतं चालता आलं तरी पुरे.

ऑफिसात बाकावर बसवेना म्हणून भिंतीला टेकून उभी राहायचे, तर वॉचमन म्हणायचा मध्ये उभं राहू नका. तिसऱ्या फेरीला माझ्या पुढे दोनच टोकन होते आणि कुणाच्या तरी ओळखीने तिघे थेट आत गेले. तेव्हा मला बायबलमधला बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस आठवला. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, असं तिथे मानायचे. ३८ वर्षं आजारी. येशूने विचारलं बरं व्हायचंय का, तर तो हो म्हणायच्या ऐवजी सांगतो की मला पाण्यात उतरवायला कोणी नाही, मी जातो तोवर दुसराच उतरतो. संडेस्कूलमध्ये मला ती कुरकुर वाटायची. त्या भिंतीपाशी कळलं की तो खरं तेच बोलत होता, आणि प्रभूने त्याला त्याबद्दल रागावलेलं नाही.

मग मीही तसंच बोलले. कपाळ भिंतीला, डोळे टोकनच्या बोर्डावर, मनातल्या मनात सगळं गाऱ्हाणं. कळ तसूभर कमी झाली नाही. पण खिडकीतल्या बाईंबद्दल मनात जे जळत होतं ते विझलं. चौथ्या फेरीला परत पाठवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "ताई, मला बसमधून येणं जमत नाही हो, काय काय लागेल ते सगळं एकदाच लिहून द्या." त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या. पाचव्या फेरीत वीस मिनिटांत काम! हे पहिल्या दिवशी कुणी का लिहून देत नाही? म्हणून पहिल्याच दिवशी यादी लिहून मागा, तोंडी सांगितलेलं धरून चालू नका.

आणखी एक, आमच्याच चर्चमधल्या लोकांबद्दल. उपासनेनंतर एकीने मला सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. कृपा करून आजारी माणसाला असं बोलू नका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा मिळाली. त्याचा विश्वास कमी होता का? त्यापेक्षा शेजारची कॅथलिक आंटी बरी, काही न बोलता पेजेचं भांडं ठेवून जायची, फार तर "भियेनाका गो" (घाबरू नकोस गं) एवढंच.

ऑपरेशन बांबोळीच्या हॉस्पिटलात झालं, छान झालं, दुसऱ्या दिवशी चालवलं.

अरे हो, हे आधीच लिहायला हवं होतं: पायाबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर कागदबिगद सोडा, १०८ ला फोन करून थेट इमर्जन्सीत जा, त्यात वेळ घालवायचा नसतो.

अंगठा अजून बधिर आहे. गुडघे टेकता येत नाहीत, चर्चमध्ये प्रभूभोजनाला मी मागच्या भिंतीपाशी उभी राहते आणि पाळक भाकर तिथे आणून देतात.